रजिस्टरात नाव लिहू की नको?

पत्र:

ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव छापू नका, तालुक्याचंही नको. आमच्या ग्रामपंचायतीत एक सदस्य बाई आहे, वय असेल सव्वीस-सत्तावीस. दोन मुली आहेत. आता परत दिवस गेलेत, चौथा महिना सरत आलाय. सासरच्यांना पोरगा पाहिजे आणि सदस्यपदही सोडायचं नाही. परवा रात्री ती माझ्या घरी आली आणि पाया पडायली. "बाई, रजिस्टरात नाव लिवू नका, तेवढं उपकार करा." सासू म्हणते, बाळंतपण माहेरी करू आणि लेकरू नणंदेच्या नावावर लावू.

दुसऱ्या पॅनलच्या पुढाऱ्याला कुठून तरी कुणकुण लागली. दोन माणसं घेऊन तो अंगणवाडीत आला. म्हणाला, "तुम्ही काहीच करू नका, कपाट तेवढं उघडं ठेवा, आम्ही पानाचा फोटो काढून घेतो." मी नाही म्हणाले, तर म्हणायला, "मग तुमचीच तक्रार करतो, गावात गरोदर बाई असून नोंद नाही म्हणून." आणि मुख्यसेविका मॅडमचं वेगळंच. पोषण ट्रॅकरच्या सरकारी ॲपवर नाव चढवा, चेहऱ्याचा फोटो घ्या, नाहीतर अहवालात आपल्या बीटचं, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या अंगणवाड्यांचं, काम दिसत नाही.

लिहिलं तर एका बाईचं घर मोडतं, नाही लिहिलं तर माझं काम जातं. कुणाच्या पोटात काय आहे हे सरकारला, पॅनलला, सगळ्या गावाला कशाला पाहिजे? मी काय करू ते सांगा.

उत्तर:

बाई, नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नाव लिहा. आणि त्या पानाचा फोटो कुणालाही काढू देऊ नका. तुम्हाला वाटतंय की यातलं एकच काहीतरी करता येईल. तसं नाही, दोन्ही करता येतं. किंबहुना पहिलं केलंत तरच दुसरं ठामपणे करता येईल.

ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सगळ्या गावाला तोंडपाठ असतं, पण अर्धवट. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर सदस्य अपात्र ठरतो, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल त्यात मोजलं जातं. हा कायदा जन्मलेल्या लेकराबद्दल बोलतो. पोटातल्या बाळामुळे आज ती बाई अपात्र होत नाही. म्हणजे त्या पुढाऱ्याला आज तुमच्या रजिस्टरात बघण्यासारखं कायद्यानं काहीही नाही. बाईच्या पोटावर पाळत ठेवायचं काम त्याला कुणी दिलेलं नाही, आणि तुम्हालाही नाही. उद्या बाळ जन्मल्यावर त्याला तक्रार करायचीच असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे होते, दोन्ही बाजूंची सुनावणी होते, निकालावर विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, आणि पुढे औरंगाबाद खंडपीठ आहेच. इतका लांबचा रस्ता टाळून त्याला तुमच्या कपाटातून चोरवाट हवी आहे.

वकिलीच्या दिवसांत अशा सुनावण्या मी बघितल्यात. शाळेचं जनरल रजिस्टर, रेशन कार्ड, जन्म-मृत्यूची नोंदवही, लसीकरणाची यादी, अंगणवाडीचं रजिस्टर, जे हाताला लागेल ते पुढे आणतात. सरपंच झालेल्या बाया स्वतःच्या लेकराला "हे माझं नाही" म्हणताना ऐकलंय. तेव्हा कपाटाची चावी स्वतःकडे ठेवा. मदतनीस ताईंकडेही नको. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, पण धमकी दोघींना मिळण्यापेक्षा एकीलाच मिळालेली बरी.

तो परत येईल. त्याला एवढंच म्हणा, "माहिती पाहिजे असेल तर तालुक्याला बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज करा. साहेबांनी मला लेखी सांगितलं तर मी रजिस्टर त्यांच्याकडे देईन." माहिती अधिकारात जन माहिती अधिकारी तिथे बसतो, अंगणवाडीत बसत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये खासगी माहितीला संरक्षण आहे, आणि कुणाची माहिती द्यायची झालीच तर कलम ११ खाली आधी त्या व्यक्तीला विचारावं लागतं. याहून जास्त एक शब्द बोलू नका. "आहे" म्हणू नका, "नाही" म्हणू नका, "मला काय माहीत" असंही म्हणू नका. गावात "मला काय माहीत" याचा अर्थ काय निघतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

उद्या खरोखर सुनावणी लागली आणि तुम्हाला नोटीस आली, तर रजिस्टर प्रकल्प कार्यालयामार्फत, जावक क्रमांकाच्या पत्रासोबत द्या. विचारलं तेवढंच सांगा आणि खरं सांगा. खोटी साक्ष देऊन कुणाला वाचवायला जाऊ नका. पण बोलावल्यावर सांगणं वेगळं, आणि कपाट उघडं ठेवून चहाला जाणं वेगळं.

आता नाव का लिहायचं. तुमची नोकरी हे एक कारण आहेच. गरोदर बाई माहीत असून नोंद केली नाही, तर त्या पुढाऱ्याच्या हातात तुमच्याविरुद्ध खरी तक्रार जाते. मग तो तुम्हाला कायम नाचवेल, आज या पानासाठी, उद्या दुसऱ्या कशासाठी. नोंद झाली की त्याची धमकी तिथेच संपली.

पण माझ्या लेखी मोठं कारण ती स्वतः आहे. दोन बाळंतपणं झालेली, तिसरी खेप, घरात चोरून ठेवलेली. नोंद नाही म्हणजे रक्त तपासलं नाही, बीपी बघितलं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत. आणि आयत्या वेळी माहेरच्या गावात कुठल्या तरी दवाखान्यात अनोळखी डॉक्टरसमोर बाळंतपण. तिला हे नीट समजावून सांगा. घरपोच आहार कितवी खेप आहे ते विचारत नाही. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, गाडी हे सगळं तिसऱ्या खेपेलाही मोफत आहे. मातृवंदना योजनेचे पैसे तेवढे मिळणार नाहीत. तिला वाटतंय तुमचं रजिस्टर तिच्या जिवावर उठलंय. तिला जपण्याचं कामही त्याच पानावरून सुरू होतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नणंदेच्या नावावर लेकरू लावायचं, हे तर मनातूनच काढायला सांगा. जन्माची खोटी माहिती देणं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं गुन्हा आहे. आणि त्या लेकराला शाळेच्या दाखल्यापासून जातीच्या प्रमाणपत्रापर्यंत आयुष्यभर दुसऱ्याचे आई-बाप कागदावर वागवावे लागतील. एवढं करूनही पद वाचेलच असं नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूल दत्तक दिलं तरी ते त्याच आई-बापाचं अपत्य म्हणून मोजलं जाईल. तेव्हा तिला खोटी आशा लावू नका. बाळ जन्मलं आणि कुणी तक्रार केली, तर पद बहुधा जाईल.

मला आणखी एका गोष्टीची धास्ती वाटते, ती तुमच्या पत्रात नाही. दोन मुली, सासरच्यांना पोरगा हवा, आणि पद राखायचंय. या तिन्ही गोष्टी एका घरात आल्या की पुढचं पाऊल कुठे पडतं, ते बीड जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. २००१ च्या जनगणनेत तुमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ ला ८०७ राहिल्या, राज्यात सगळ्यात कमी. तिला एकटीला गाठून विचारा, सासू समोर नको, नवरा समोर नको. हे मूल तिला हवंय का? हवं असेल तर कुणी तपासणीला नेत असेल तेव्हा तुम्हाला किंवा आशाताईला कळवायला सांगा. नको असेल तर तोही निर्णय तिचाच. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचं नाव बाहेर फोडणं दवाखान्याला कायद्यानं मना आहे. पण वीस आठवड्यांनंतर नियम कडक होतात, आणि चौथा महिना सरत आलाय म्हणजे तिच्या हातात दिवस थोडे आहेत. कुठल्याही परिस्थितीत मान्यता असलेल्याच दवाखान्यात जाऊ द्या.

आता तुमचा तो शेवटचा प्रश्न. सरकारला हे सगळं कशाला पाहिजे?

तुमच्या आजोबांच्या वयाच्या एखाद्या निवृत्त मास्तरांना १९७६ सालाबद्दल विचारा. आणीबाणी होती. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना नसबंदीच्या "केसेस" आणायचं टार्गेट होतं. नाही आणल्या तर पगार अडायचा, वेतनवाढ अडायची. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या बार्शीत त्या वर्षीच्या जानेवारीत दहा दिवसांत एक हजार शस्त्रक्रिया करायचं ठरलं. सुरुवातीला कुणी फिरकलंच नाही. मग ट्रक फिरले आणि गावात कामाला आलेली माणसं धरून नेली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करून टाकलं. तीन मुलांनंतर शस्त्रक्रिया, नाही केली तर शिक्षा. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांवर नसबंद्या झाल्याचं आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं नोंदवलं. दुसऱ्याच वर्षी लोकांनी मतपेटीतून सरकार उलटवलं, आणि "नसबंदी" या शब्दाची पुढाऱ्यांना अशी दहशत बसली की नंतर खात्याचं नावही बदलून कुटुंब कल्याण झालं.

ट्रक गेले. पण कुणाला किती लेकरं आहेत हे सरकार मोजणार आणि त्यावरून माणसाची लायकी ठरवणार, ही खोड गेली नाही. ती फक्त सभ्य झाली. धरून नेणं थांबलं, अपात्र ठरवणं सुरू झालं. सरकारी नोकरीत २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं, आणि तुमच्या स्वतःच्या भरतीच्या वेळीही तुमच्याकडून दोन अपत्यांची अट पाळून घेतली असेल. गंमत बघा, ही अट ग्रामपंचायत सदस्याला आहे, सरपंचाला आहे, झेडपीच्या सदस्याला आहे. आमदाराला नाही. खासदारालाही नाही. ज्यांनी विधानसभेत हात वर करून हा नियम केला, त्यांच्या घरात कितीही पाळणे हलोत. बायकांना पंचायतीत निम्म्या जागा दिल्या म्हणून आपण कौतुक करतो, आणि ज्या वयात बाईला लेकरं होतात त्याच वयातली सदस्य बाई या कलमात सगळ्यात आधी अडकते. किती लेकरं व्हावीत हे ठरवायचा अधिकार घरात बहुतेक वेळा तिला नसतोच. ठरवतो नवरा, ठरवते सासू, आणि पद जातं तिचं.

अशा नियमाला कोर्टात आव्हान झालं होतं. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हरियाणाचा असाच कायदा वैध ठरवला. पुढे २००६ मध्ये हरियाणानं तो स्वतःच काढून टाकला. मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल यांनीही काढला. आपल्याकडे राहिला. दरम्यान २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतं. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं असेल तर कायदा लागतो, रास्त हेतू लागतो, आणि गरजेपेक्षा जास्त शिरता येत नाही. माझ्या मते २००३ चा तो निकाल या कसोटीला आज टिकणं अवघड आहे. पण ते कुणीतरी कोर्टात मांडेपर्यंत कलम १४ जिवंत आहे, म्हणून वर पद जाईल असं स्पष्ट लिहिलं.

पण प्रत्येक नोंद म्हणजे सरकारची घुसखोरी, असं म्हणायला मी तयार नाही. २०१९ मध्ये तुमच्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा घरोघरी विचारत फिरल्याशिवाय ते कळणारच नव्हतं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, म्हणून पोटातलं दुखणंच कायमचं काढून टाकलेल्या बाया. ते प्रश्न बाईला विचारणं किती नाजूक होतं. पण तिथे माहितीचा रोख डॉक्टरावर आणि मुकादमावर होता, बाईवर नव्हता. तुमच्या पुढाऱ्याला हवी असलेली माहितीही पोटाबद्दलचीच आहे, रोख मात्र त्याच बाईवर आहे. रजिस्टर कुणी मागितलं की तुम्ही मनात एवढंच विचारा, याचा वार कुणावर होणार? त्या वेळच्या चौकशीचंही शेपूट राहिलंच म्हणा. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा आदेश निघाला. चुकीच्या डॉक्टरांना चाप बसला हे खरं. पण ज्या बाईला खरोखर शस्त्रक्रिया लागते तिलाही आपल्या दुखण्याचा कागद घेऊन परवानगीची वाट बघत बसावं लागतं.

मोबाईलचं बोलते, कारण धोका रजिस्टरापेक्षा तिथे जास्त आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष नाही. पोषण ट्रॅकरवर नाव चढवा, ते तुमचं काम आहे. घरपोच आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी आली, तीही करावी लागेल. पण फोटो घेण्याआधी तिला सांगा की हा कशासाठी आणि तो ॲपमध्ये जातो, तुमच्या गॅलरीत राहत नाही. नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, म्हणून कुणाला आहार दिला नाही असं होऊ देऊ नका. अडलं तर तशी लेखी नोंद करा. लेकरांच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट सांगितलंय की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही.

खरी गळती व्हॉट्सॲपवर होते. बीटच्या ग्रुपवर "आजच्या आज गरोदर मातांची यादी टाका" असा मेसेज येतो, आणि सगळ्याजणी रजिस्टराच्या पानाचा फोटो टाकून मोकळ्या होतात. त्या ग्रुपमध्ये कुणाचा नवरा फोन बघतो, कुणाचा दीर. कितीतरी सेविकांच्या नोंदी घरातली शिकलेली पोरं भरून देतात, हे मॅडमनाही ठाऊक असतं आणि प्रकल्प अधिकाऱ्यांनाही. तुम्ही नावांचा फोटो ग्रुपवर टाकू नका. मॅडमना आकडा कळवा, नावं ॲपमध्ये दिसतातच. ॲपचा पिन बदला आणि घरातही सांगू नका. मॅडम रागावल्या तर म्हणा, "मॅडम, नावासकट यादी ग्रुपवर टाका असं पत्र द्या, मी लगेच टाकते." असं पत्र कुणी देत नाही.

हे एकटीनं म्हणणं जड जातं, मला कल्पना आहे. तुमच्याच संघटनांनी २०२१ मध्ये निकृष्ट फोन सरकारला परत केले होते, आणि त्या वेळी इंग्रजीतल्या ॲपवरही आक्षेप घेतला होता. तेव्हा बाया घाबरल्या नाहीत. यादी ग्रुपवर टाकायची नाही, हा विषय तालुक्याच्या बैठकीत चार जणींनी मिळून काढा. त्या सदस्य बाईचा उल्लेखही करू नका, नुसता नियम म्हणून मांडा.

या आठवड्यात एक काम मात्र कराच. प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक व्यक्ती अंगणवाडीत आली, तिनं लाभार्थ्यांच्या रजिस्टराचा फोटो मागितला, नकार दिल्यावर तक्रारीची धमकी दिली, मी रजिस्टर दाखवलेलं नाही. गरोदर बाईचं नाव या अर्जात कुठेही येऊ देऊ नका, "एका लाभार्थीबाबत" एवढंच लिहा. मॅडमच्या हातात देऊन येऊ नका, स्वतः तालुक्याला जाऊन आवक शिक्का आणि तारखेची पोच घ्या. पुढं त्या पुढाऱ्यानं तुमच्यावर तक्रार केली, तर तुमचा अर्ज त्याच्या आधीच्या तारखेचा असायला हवा. झेरॉक्स घरी ठेवा, अंगणवाडीच्या कपाटात नको.